साकातेकासचे ४४७ ठिपके: एका पेपरचं वाचन

‘जगातला पहिला यूएफओ फोटो’ असं शोधलंत तर एक कृष्णधवल चित्र हमखास समोर येतं. सूर्याच्या उजळ तबकडीवर एक काळपट, वेडावाकडा ठिपका. फोटो १८८३ चा, मेक्सिकोतल्या साकातेकास गावातला. त्यावर उडत्या तबकड्यावाल्यांनी काय काय लिहिलंय त्यात मला फारसा रस नाही. मला रस आहे तो २०११ साली याच ठिपक्यांवर लिहिल्या गेलेल्या एका गंभीर पेपरमध्ये. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. छोटा आहे, गणित बारावीच्या पलीकडचं नाही, आणि तो नेमका कुठे घसरतो हे कागद-पेन घेऊन स्वतः शोधता येतं. असे पेपर सहसा मिळत नाहीत.

आधी घटना. १२ ऑगस्ट १८८३ ची सकाळ. साकातेकासच्या वेधशाळेचे संचालक होसे बोनिया दुर्बिणीतून सूर्यडागांचा अभ्यास करत होते. अचानक सूर्यबिंबावरून एक लहानसा काळा ठिपका सरकत गेला. मग आणखी एक. मग बरेच. त्यांनी मोजायला सुरुवात केली, मध्ये ढग आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. दोन दिवसांत मिळून प्रत्यक्ष निरीक्षण साडेतीन तासांच्या आतबाहेर, आणि ठिपके एकूण ४४७. प्रत्येक ठिपका सूर्यबिंब पार करायला एक तृतीयांश सेकंद ते फार तर एक सेकंद घेत होता. ठिपक्यांभोवती धुकट वलय दिसत होतं. बिंबाच्या बाहेर असताना ते चमकत, बिंबावर आले की काळे दिसत. बोनियांनी फोटोही काढले. त्या काळच्या ओल्या काचपट्टीवर, सेकंदाच्या छोट्याशा अंशात सरकणाऱ्या वस्तूचा फोटो घेणं म्हणजे गंमत नव्हे.

आणि मग या माणसाने जे केलं त्यासाठी मला तो फार आवडतो. त्याने मेक्सिको सिटी आणि प्वेब्ला इथल्या वेधशाळांना कळवलं, की बघा, तुम्हालाही दिसतंय का. नाही दिसलं. त्यांच्या सूर्यावर काहीच नव्हतं. बोनियांनी हेही लिहून ठेवलं. ‘मला दिसलं’ याच्या शेजारी ‘इतरांना दिसलं नाही’ हे प्रामाणिकपणे नोंदवणारा निरीक्षक मिळणं आजही सोपं नाही. दोन-अडीच वर्षांनी हे सगळं ‘ल'आस्त्रोनोमी’ या फ्रेंच नियतकालिकात छापून आलं. संपादक कामिय फ्लामारियों यांनी खाली शेरा मारला: पक्षी, कीटक किंवा हवेतली धूळ असावी. विषय तिथे जवळजवळ संपला.

ऑक्टोबर २०११ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या दुरांद-मान्तेरोला आणि दोन सहकाऱ्यांनी प्रीप्रिंट टाकला. त्यांचं म्हणणं असं की बोनियांनी पाहिले ते फुटलेल्या धूमकेतूचे तुकडे होते. हे तुकडे पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ५३८ ते ८०६२ किमी अंतरावरून गेले. तुकड्यांची रुंदी ४६ ते ७९५ मीटर, लांबी ६८ ते १०२२ मीटर. तासाला सरासरी १३१, म्हणजे पहिल्या ते शेवटच्या निरीक्षणातल्या २५ तासांत ३२७५ तुकडे. यातला एकेक तुकडा पडला असता तर १९०८ च्या तुंगुस्कासारखा किंवा त्याहून मोठा स्फोट झाला असता. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? ‘१८८३ मध्ये मानवजात थोडक्यात वाचली’ अशा बातम्या जगभर फिरल्या.

आता पेपर वाचूया. मी कुठलाही पेपर वाचताना पहिला प्रश्न हा विचारते: यात *मोजलेलं* काय आहे? काढलेलं नाही, मानलेलं नाही, मोजलेलं. इथे उत्तर अगदी थोडक्यात येतं. ठिपका आकाशात किती मोठा दिसतो, म्हणजे त्याचा कोनीय आकार. तो बिंब किती वेळात पार करतो, म्हणजे कोनीय वेग. आणि किती ठिपके दिसले. बस्स. अंतर मोजलेलं नाही. मीटर, किलोमीटर, किलोग्रॅम यातलं काहीही मोजलेलं नाही. ते सगळं अंतरावर अवलंबून आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर पेपरचेच आकडे घ्या. ६८ मीटरला ५३८ किमीने भागा. मग १०२२ मीटरला ८०६२ किमीने भागा. दोन्ही वेळा उत्तर येतं सुमारे ०.०००१२७ रेडियन, म्हणजे साधारण २६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अर्थात ‘६८ ते १०२२ मीटर’ ही लांबीची दोन वेगळी मापं नाहीतच. एकच कोन आहे, दोन अंतरांनी गुणलेला. लांबीत पंधरा पट फरक पडतो कारण अंतरात पंधरा पट फरक आहे. आकारमान लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे वस्तुमानाची दोन टोकं एकमेकांपासून हजारो पट लांब जातात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलं होतं, पण पेपर काही लपवत नाही. आपणच तीन-चार अंकी आकडे दिसले की मान डोलावतो.

मग प्रश्न उरतो एकच. अंतराची ती मर्यादा, ५३८ ते ८०६२, आली कुठून?

इथे मेक्सिको सिटी आणि प्वेब्लाची ‘आम्हाला नाही दिसलं’ ही नोंद कामी येते. युक्तिवाद पॅरॅलॅक्सचा आहे, मराठी पुस्तकांत याला पराशय म्हणतात. डोळ्यासमोर बोट धरा, एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर जागा बदलतं. जितकं बोट जवळ, तितकी उडी मोठी. तसंच साकातेकासहून सूर्यासमोर दिसणारी वस्तू सुमारे ५०० किमी दूरच्या मेक्सिको सिटीहून सूर्याच्या बाजूला दिसेल, जर ती पुरेशी जवळ असेल तर. किती जवळ? सूर्यबिंबाची कोनीय रुंदी ०.००९३ रेडियन आहे. ५०० ला ०.००९३ ने भागलं की येतात सुमारे ५४,००० किमी. म्हणजे वस्तू ढोबळमानाने पन्नासेक हजार किलोमीटरच्या आत होत्या. युक्तिवाद बरोबर आहे, सुंदरही आहे.

पण तो काय सांगतो ते नीट बघा. तो फक्त *वरची* मर्यादा सांगतो. ‘याहून लांब नाही.’ खालच्या बाजूला तो अवाक्षर काढत नाही. वस्तू आठ हजार किलोमीटरवर असली तरी मेक्सिको सिटीहून दिसणार नाही, आणि साकातेकासच्या गच्चीवरून आठशे मीटरवर असली तरी दिसणार नाही. साकातेकासच्या आकाशातला पक्षी मेक्सिको सिटीच्या सूर्यावर कसा दिसेल?

मग ५३८ चा तळ कुठला? त्या अंतरांवर सूर्यबिंबाची ‘रुंदी’ किती होते ते काढा. ५३८ गुणिले ०.००९३ म्हणजे ५ किमी. ८०६२ गुणिले ०.००९३ म्हणजे ७५ किमी. हे अंतर एका सेकंदात कापायचं तर वेग ५ ते ७५ किमी प्रति सेकंद. आता ७५ हा आकडा ओळखीचा वाटतो का बघा. सूर्यमालेतली कुठलीही वस्तू पृथ्वीशी सापेक्ष जास्तीत जास्त सुमारे ७२-७३ किमी प्रति सेकंद वेगाने येऊ शकते. पृथ्वीचा कक्षेतला वेग ३०, आणि तिथे सूर्याच्या बंधनात राहण्याची कमाल मर्यादा ४२, समोरासमोर आल्या तर बेरीज. मला तरी हे असंच वाचता येतं: अंतराच्या मर्यादा म्हणजे खगोलीय वस्तूच्या वेगाच्या मर्यादाच आहेत, वेगळे कपडे घालून. आधी धूमकेतू मानला, त्यावरून वेग आला, वेगावरून अंतर, अंतरावरून आकार, आणि आकारावरून ‘बापरे, केवढा धोका’. पेपर सुरुवातीलाच ‘धूमकेतू होता असं गृहीत धरून’ म्हणतो, त्यामुळे त्याला खोटं म्हणता येत नाही. पण गृहीतकातून बाहेर पडलेले आकडे पुढे गृहीतकाचाच पुरावा असल्यासारखे वावरू लागतात. बातम्यांत तर ‘गृहीत धरून’ हे दोन शब्द केव्हाच गळून पडले होते.

आणि ज्या ठिपक्यांनी बिंब एक तृतीयांश सेकंदात पार केलं, त्यांचं काय? वरच्या टोकाला त्यांचा वेग २२५ किमी प्रति सेकंद होतो. असा तुकडा सूर्यमालेतला असूच शकत नाही. बिंबाच्या कडेने गेला असेल, जीवा लहान असेल, हे मान्य. तरी लांबच्या अंतरांचा बराच भाग इथेच गळतो.

आता तेच गणित १ किमी अंतर धरून करा. बिंबाची रुंदी ९.३ मीटर. वेग ९ ते २८ मीटर प्रति सेकंद. लांबी साडेबारा सेंटीमीटर. तुमच्या डोळ्यासमोर काय आलं ते मला सांगायची गरज नाही.

पेपरच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा धुकट वलयाचा. पक्ष्याभोवती धुकं कुठून येणार? धूमकेतूभोवती मात्र वायू-धुळीचं आवरण असतंच. ऐकायला पटतं. पण दुर्बीण कशावर लावली होती? सूर्यावर, म्हणजे अनंत अंतरावर. जवळची वस्तू त्या फोकसमध्ये येणार नाही, तिच्या कडा पसरणार. किती पसरणार याचं सूत्र अगदी साधं आहे: भिंगाचा व्यास भागिले वस्तूचं अंतर. समजा भिंग १५ सेंमीचं. १ किमीवरच्या वस्तूच्या कडा ०.०००१५ रेडियन, म्हणजे सुमारे ३१ विकला पसरतील. ठिपक्याचा स्वतःचा आकार २६ विकला! म्हणजे वस्तू आणि तिचं ‘धुकं’ जवळजवळ एकाच मापाचं. तीच वस्तू ५३८ किमीवर असती तर पसरण विकलेच्या दहाव्या भागाहूनही कमी, हवेच्या थरथरीत कुठेच हरवून जाईल इतकी.

हे मला पुस्तकातून नाही, एका घारीकडून कळलं. शाळेतल्या मुलांना सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डाग दाखवत होतो. घार आडवी गेली. सूर्यडागाची कड सुईने काढल्यासारखी, आणि घार म्हणजे नुसता करड्या धुराचा लोळ. मुलं ओरडली, “ताई, काहीतरी गेलं!” ती घार आहे हे मान वर करून पाहिल्यावरच कळलं. बोनियांच्या ठिपक्यांची बिंबाबाहेरची चमकही याच घरातली. सूर्याच्या अगदी शेजारी, पाठीमागून उजेड आलेले पंख, म्हाताऱ्या, कीटक कडेने पेटल्यासारखे दिसतात. संध्याकाळी उन्हाच्या तिरिपेतली धूळ आठवा.

इथवर मी फक्त एवढंच दाखवलं की पक्षी-कीटकही बसतात. धूमकेतू बसत नाही हे दाखवायचं तर थोडं वेगळं पाहावं लागेल. माझ्या मते पेपरची खरी दुखरी नस ही आहे.

पराशयाचा युक्तिवाद एकट्या वस्तूसाठी आहे. एक तुकडा साकातेकासहून सूर्यासमोर दिसला तर *तोच* तुकडा मेक्सिको सिटीहून दिसणार नाही, कबूल. पण इथे तुकड्यांचा थवा आहे. मग मेक्सिको सिटीच्या सूर्यासमोरून *दुसरे* तुकडे का गेले नाहीत? थवा इतका अरुंद होता म्हणावं, तर पृथ्वी फिरते आहे. साकातेकासच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेकडे धावते. पहिल्या दिवशी बोनियांनी दोनेक तास मोजणी केली; तेवढ्यात ‘साकातेकास ते सूर्य’ ही रेषा अवकाशात हजार किलोमीटरहून जास्त आडवी सरकली. तरी ठिपके येतच राहिले. म्हणजे थवा किमान हजार किलोमीटर रुंद हवा. आणि मेक्सिको सिटी तर पाचशे किलोमीटरवर.

यातून सुटायची एक फट आहे, ती सांगायला हवी. थवा फितीसारखा असेल: पूर्व-पश्चिम पसरलेला, दक्षिणोत्तर अगदी अरुंद, आणि फीत नेमकी साकातेकासच्या वाटेवरच अंथरलेली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. सेकंदाला दहा किलोमीटर वेग धरला तर २५ तासांत ही फीत नऊ लाख किलोमीटर लांब होते. नऊ लाख किमी लांब, हजार किमी रुंद, आणि तरीही शेजारच्या दोन वेधशाळांना चुकवणारी. अशक्य म्हणणार नाही. पण एवढ्या अटी घालून वाचवावं लागणारं गृहीतक मी माझ्या गाइडसमोर मांडलं असतं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला असता.

शिवाय ३२७५ हा आकडा! तो फक्त बिंबासमोरच्या अरुंद नळीतून गेलेल्यांचा आहे. सर्वात जवळचं अंतर धरलं तर नळी ५ किमी रुंद, थवा हजार किमी रुंद. मग तुकडे ३२७५ नाहीत, त्याच्या दोनशे पट. लाखांच्या घरात. पृथ्वीला खेटून लाखो डोंगर गेले आणि एकही पडला नाही?

डोंगर जाऊ दे, धूळ तरी पडायला हवी होती. फुटलेला धूमकेतू कसा वागतो याचा नमुना त्याच काळातला आहे. बिएलाचा धूमकेतू १८४६ मध्ये दोन तुकड्यांत दिसला, पुढे नाहीसाच झाला, आणि २७ नोव्हेंबर १८७२ ला आणि पुन्हा १८८५ ला देवयानी तारकासमूहाच्या दिशेने उल्कांचा असा पाऊस पडला की तासाला हजारोंनी मोजल्या गेल्या. आता बोनियांची तारीख बघा, १२-१३ ऑगस्ट. ययाती उल्कावर्षावाचे, म्हणजे पर्सीड्सचे दिवस. वर्षातल्या कुठल्या रात्री जगभरचे हौशी निरीक्षक आकाशाकडे डोळे लावून बसले असतील तर याच. तुकड्यांसोबत आलेल्या चुऱ्याचा वर्षाव त्यांच्या नजरेतून सुटला असता हे मला पटत नाही.

मग ते पक्षीच होते का? इथे मीही जरा जपून. १ किमीवर नळी जेमतेम नऊ मीटरची, आणि त्यातून तासाला १३१ पक्षी, दोन दिवस, हा चांगलाच दाट थवा झाला. ऑगस्टमध्ये साकातेकासवरून असं कोण उडतं हे तिथल्या पक्षितज्ज्ञाने सांगायला हवं. त्याहून जवळून वाऱ्यावर वाहणारे कीटक किंवा बी असेल तर संख्या सहज जुळते, पण मग कडा इतक्या पसरतील की ठिपका टिकणार नाही. म्हणून मी फ्लामारियोंच्या शेऱ्यालाही पैकीच्या पैकी गुण देणार नाही. त्यांनीही ‘असावी’ म्हणूनच सोडलं. वस्तू वातावरणातच होत्या याकडे पुरावा झुकतो; त्या नेमक्या काय होत्या हे ठरलेलं नाही. ‘ठरलेलं नाही’ आणि ‘परग्रहावरचं होतं’ यांत खूप मोकळी जमीन आहे.

पेपरबद्दल एक चांगली गोष्ट. १८८३ ची नोंद कचऱ्यात न टाकता तिच्याकडे डेटा म्हणून बघायची हिंमत या तिघांनी केली. नकारार्थी निरीक्षणाचा उपयोग करायचा हेही त्यांनाच सुचलं. चूक असलीच तर ती त्याचा अर्धाच उपयोग केल्याची आहे. ‘तिथे दिसलं नाही’ याचा अर्थ ‘लांब नाही’ एवढा घेतला, ‘थवा नाही’ हा घेतला नाही.

तुम्हाला हे पुढे न्यायचं असेल तर काम सूर्याच्या त्याच फोटोत आहे. एकाच काचेवर सूर्याची कड आणि ठिपक्याची कड, दोन्ही आहेत. मूळ काचपट्टीवर दोन्हींचा उजेड किती अंतरात मावळतो हे मोजलं, की वेग, धूमकेतू, पक्षी यातलं काहीही न मानता अंतर थेट हाती येईल. कड सूर्याइतकीच धारदार निघाली तर माझी वरची अर्धी पोस्ट रद्द समजा. ठिपका हलत होता, त्यामुळे त्याची कड गतीनेही पुसली जाणार. पण गतीचं पुसणं एकाच दिशेने होतं, फोकसचं सगळीकडून. तेवढा फरक ओळखता येतो. छापील प्रतीवर हे करू नका, छपाईचेच ठिपके मोजत बसाल.

तोवर सरावासाठी आपली घार आहेच. दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडा (भिंगातून थेट बघायचं नाही, हे शंभरदा सांगूनही कोणीतरी बघतंच), मोबाइलवर व्हिडिओ घ्या, घार किती सेकंदांत पार झाली आणि तिची कड किती पसरली ते काढा. दोन्हींवरून अंतर काढा आणि जुळतात का ते मला कळवा.